दोन्ही बाजूंचा खटका

शिवाजीनगरच्या हेडक्वार्टरात, शस्त्रागाराच्या जाळीमागं
ट्यूबलाइट सकाळपासून लुकलुकतेय,
आणि टेबलावर, जुन्या बनियनच्या तुकड्यावर
शलाका तुपसौंदरचं पिस्तूल उघडं पडलंय.

आधी रिकामं आहे का ते बघायचं.
बघितलं.
मग करंगळी घालून बघायचं, कारण डोळे
ओळखीच्या वस्तूला रिकामीच समजतात.
हे पिल्लेसाहेबांचं. खडकीच्या फॅक्टरीत
एकतीस वर्षं तपासनीस,
मराठी असं बोलायचे की प्रत्येक शब्द
आधी गेजमधून काढलाय.

कारखान्यानं जगातले सगळे अंगठे उजवे धरलेत.
खटका डाव्या कुशीला, म्हणजे उजव्या अंगठ्याखाली.
तुपसौंदर डावरी. भरतीपासून सहा वर्षं
पकड सैल सोडून, मनगट वाकडं करून
तर्जनीनं तो खटका पाडत आली.
का सांगितलं नाहीस, विचारलं, तर म्हणाली,
"सर, कात्रीपण तशीच वापरते."

आता नवा जोड आलाय. दोन खटके, मधून एक आस,
एकाला जीभ, दुसऱ्याला खाच.
ते भेटतात पोटात,
जिथं कुणाचं बोट पोचत नाही.
कानस दोनदा फिरवली. तिसऱ्यांदा हात शिवशिवला,
आवरला.

वर. चाप ओढला: घोडा ढिम्म.
खाली. चाप ओढला: टक्.
हे डाव्या कुशीवरून.
मग उजव्या कुशीवरून, माझ्याच डाव्या अंगठ्यानं.
खटका वर गेला, आवाजही आला, स्वच्छ,
पण पलीकडचा केसभर मागं राहिला.
वरून बघणाऱ्याला बंद.
आत अजून ठरलेलं नाही.
"आवाजावर सही करू नको रे,
आवाज सगळ्यांनाच येतो."

माझाही डावाच होता. चौथीपर्यंत.
बोपोडीच्या खोलीत, जेवताना, आई
पदराचं टोक माझ्या मनगटाला बांधायची
आणि तशीच शेजारी बसून राहायची.
माझं ताट संपेपर्यंत
उठता तिलाही यायचं नाही.
पुढं सगळे म्हणाले, सुधारला.
भाषेचंही तेच म्हणणं: सरस ठरतं ते उजवं.
पण दचकलो की आधी
हाच उठतो अजून.

जोड परत पाठवला. साहेब म्हणाले, केसभर तर आहे.
मी म्हटलं, हो.
दुसरा नऊ दिवसांनी आला.
पन्नास वेळा या अंगठ्यानं, पन्नास वेळा त्या.
अर्ध्यावर सोडून पाहिला, अर्ध्यावर राहत नाही.
भवानी पेठेतून तिनं शिवून आणलेल्या
डाव्या कमरेच्या म्यानात घातलं, काढलं, दहादा,
कातडं खटक्याला ढकलतंय का बघत.
नाही ढकलत.

तिनं हातात घेतलं. अंगठा न शोधता पडला.
चेहऱ्यावर काही नाही. मनगट सरळ राहिलं
आणि तिनं त्याच्याकडं असं पाहिलं
जसं कुणी दुसऱ्याचं घड्याळ घातलंय.

रजिस्टर पुढं केलं.
पेन सुतळीनं बांधलेलं, खिडकीच्या उजव्या गजाला,
मी इथं यायच्या आधीपासून. सुतळी आखूड.
ती आडवी वाकली, कोपर शाईच्या पॅडमध्ये,
डाव्या हातानं सही केली,
आणि मागून आलेल्या तळहातानं
तुपसौंदर सौंदरापाशी फरफटली.

शेरा मी लिहिला: दोन्ही बाजू तपासल्या. ठीक.
सुतळीकडं तिनंही पाहिलं, मीही.
ती कापायची तर
वेगळा अर्ज लागेल.